छापखान्यासाठी नवं डिजिटल मशीन: निवडीची नोंदवही

४ जानेवारी

काल रात्री साडेअकराला मशीन पुन्हा बसलं. अहवालाच्या ३०० प्रतींपैकी ११० छापून झाल्या होत्या, उरलेल्या सकाळी आठला बाइंडिंगच्या टेबलावर हव्या होत्या. फ्यूजरचा (टोनर, म्हणजे रंगाची पूड, तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाचा) एरर. फोन केला तर नेहमीचं उत्तर: पार्ट मागवलाय, दोन दिवसांत येईल. राहिलेलं काम ओळखीच्या छापखान्यात नेऊन पूर्ण केलं, पण तिथला निळा आणि आमचा निळा यांचं जमेना. दोन गठ्ठे वेगवेगळे बांधून दिले. ग्राहकाने दोन्हींतली एकेक प्रत शेजारी ठेवली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

सकाळी तिघं बसलो: मी, धाकटा भाऊ (हिशेब आणि ग्राहक त्याच्याकडे) आणि मशीनवरचे काका, ज्यांचा निम्मा जन्म ऑफसेटवर (प्लेटवरून शाईने छापणाऱ्या मशीनवर) गेलाय आणि जे डिजिटलला अजूनही 'झेरॉक्स' म्हणतात. नवं मशीन घ्यायचं यावर एकमत. मागचं घेताना आम्ही ब्रोशर वाचलं होतं आणि दोन चकचकीत पोस्टरं पाहिली होती, बस्स. या वेळी सगळं लिहून ठेवायचं, म्हणून ही वही.

७ जानेवारी

काकांची एक सवय आज कामी आली. मशीन थांबलं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ आणि कारण लिहितात. जुलै ते डिसेंबरची पानं काढली आणि दिवसभर बसून जुळवणी केली.

सहा महिन्यांत मशीन ६३ वेळा थांबलं. पेपर जॅम २९, ड्रम (ज्यावर टोनर आधी उमटतो तो दंडगोल) किंवा त्याच्या चार्जिंगमुळे पट्टे ११, पार्टची वाट ८, फाइल किंवा रिपचा (फाइल मशीनला छापता येईल अशा ठिपक्यांत बदलणाऱ्या कॉम्प्युटरचा) घोळ ६, पुढची-मागची बाजू न जुळणं ५, वीज ४. भाऊ म्हणाला, बघ, निम्मे तर जॅमच आहेत, चांगला फीडर (कागद आत ओढणारा भाग) असलेलं मशीन घेऊ. मलाही तसंच वाटलं.

मग तास मांडले. एकूण २१२ तास वाया. २९ जॅमनी मिळून खाल्ले २४. पट्ट्यांनी २७, रिपने १४, जुळवणीने १०, विजेने ६. आणि पार्टची वाट पाहण्याच्या त्या ८ प्रसंगांनी एकट्यांनी १३१.

म्हणजे जॅमवर आम्ही रोज चिडायचो, आणि खरं नुकसान शांतपणे खुर्चीवर बसून फोनची वाट पाहण्यात होत होतं.

आणखी एक गोष्ट त्याच पानांवर सापडली. २९ पैकी १९ जॅम पावसाळी दिवसांतले, आणि बहुतेक आदल्या दिवशी फोडलेल्या रिमवरचे. ती चूक मशीनची म्हणता येत नाही. रीम फोडून उघडी ठेवणारे आम्हीच.

१० जानेवारी

आपण छापतो काय, याचा हिशेब. महिन्याला सरासरी ३८,००० इंप्रेशन, सगळ्यात मोठ्या महिन्यात ६१,०००. (एक इंप्रेशन म्हणजे मोठ्या शीटची एक बाजू. वहीभर हेच माप.) निम्म्याहून जास्त काम १३० ते १७० जीएसएम (कागदाच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपरवर, जवळजवळ पावभर २५० ते ३०० जीएसएमवर, उरलेलं मॅपलिथो (साधा, बिनचकाकीचा) आणि टेक्स्चर कागदावर. जॉब लहान असतात, बहुतेक २०० शीटच्या आतले.

आता वेगाचं गणित. ब्रोशरवर मिनिटाला ८० पानं असं लिहिलेलं असतं तेव्हा ती ए-४ पानं असतात. मोठ्या शीटच्या बाजू साधारण निम्म्या, म्हणजे ४०. त्या वेगाने ३८,००० इंप्रेशनला लागतात ९५० मिनिटं. सोळा तासांहून कमी! जाड कागद, कॅलिब्रेशन (रंग मोजून पुन्हा बसवणं), जॉब बदलणं यांमुळे वेग निम्मा धरला तरी ३२ तास. आमच्या महिन्यात कामाचे तास २००. आणि जुनं मशीन महिन्याला बंद किती? २१२ भागिले ६, म्हणजे पस्तीस तास.

महिन्याभराच्या छपाईला लागतो त्याहून जास्त वेळ मशीन बंद होतं. हे वाक्य मी भावाला दोनदा वाचून दाखवलं. त्याच्या हातात ९० पानांच्या मशीनचं ब्रोशर होतं, ते त्याने खाली ठेवलं. फार काळ नाही, पण ठेवलं.

शीटच्या मापाचाही हिशेब केला. ८५ × ५५ मिमीचं व्हिजिटिंग कार्ड, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून ९१ × ६१. ३२० × ४५० च्या शीटवर कडा सोडून २१ बसतात. ३३० × ४८३ ची शीट घेतली तर आडवी फिरवून २५. हजार कार्डांना ४८ शीटऐवजी ४०. तेव्हा ३३० × ४८३ ची शीट न घेणारं मशीन यादीतून बाद. एवढा सरळ निर्णय पुढे कुठे मिळेल असं वाटत नाही.

११ जानेवारी

ब्रोशरवरच्या ड्यूटी सायकलच्या (महिन्याला किती छापता येईल त्या) आकड्यावर भुलायचं नाही. महिन्याला लाखो पानं लिहिलेली असतात, पण ती मशीनची कमाल मर्यादा. त्याच पत्रकात खाली, बारीक अक्षरांत, शिफारस केलेला मासिक आकडा असतो आणि तो बराच लहान असतो. आमचा ६१,००० चा महिना त्या खालच्या आकड्यात बसायला हवा. हे आकडे ए-४ मध्ये मोजतात की मोठ्या शीटमध्ये, तेही लेखी विचारायचं.

१५ जानेवारी

तंत्र कोणतं? तीन वाटा: कोरडा टोनर, द्रव टोनर, इंकजेट.

भावाने विचारलं की हे सगळं आलं कधी, म्हणून संध्याकाळी चहाच्या वेळेत इतिहास झाला. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली कोरडी प्रत उमटवली. तिच्यावरची अक्षरं म्हणजे तीच तारीख आणि 'अॅस्टोरिया' हे ठिकाणाचं नाव. बाजारात खऱ्या अर्थाने चाललेलं झेरॉक्स ९१४ यायला १९५९ उजाडलं. रंगीत डिजिटल प्रेस आल्या १९९३ मध्ये, इंडिगो आणि झायकॉन या दोन्ही कंपन्यांच्या त्याच वर्षी. इंडिगो २००२ मध्ये एचपीकडे गेली. काका म्हणाले, "म्हणजे मी झेरॉक्स म्हणतो ते बरोबरच आहे." यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

द्रव टोनरचे कण एक-दोन मायक्रॉनचे, थर पातळ, छपाई ऑफसेटच्या जवळ जाते. पण ते मशीन रोज भरपूर चालवावं लागतं, माणूस त्याच्यासाठीच तयार करावा लागतो, आणि आमच्या ३८,००० मध्ये ते पोसलं जाणार नाही. कट शीट (सुट्या कागदांवर छापणाऱ्या) इंकजेटचंही तसंच: वेग आणि गठ्ठा मोठा हवा, शिवाय चकचकीत आर्ट पेपरवर पाण्याची शाई बसवायला प्रायमर (आधीचा लेप) किंवा खास कागद लागतो. राहिला कोरडा टोनर. झेरॉक्स व्हर्संट, कोनिका मिनोल्टा अॅक्युरिओप्रेस, कॅनन इमेजप्रेस, रिको प्रो सी या सगळ्या मालिका याच घरातल्या. पुढे वहीत मशीनना अ, ब, क म्हणणार आहे. कोणतं अक्षर कोणाचं, ते मुद्दाम लिहीत नाही. डेमोतल्या एका मशीनवरून अख्ख्या कंपनीवर शिक्का मारणं बरं नव्हे, आणि ही वही टेबलावर उघडी पडलेली असते.

२८ जानेवारी

चाचणीच्या फाइली तयार झाल्या. नऊ आहेत, सगळ्या पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठी ठरवलेला पीडीएफचा प्रकार). त्यातल्या ज्यांना मी खरी परीक्षा मानतो त्या अशा:

पूर्ण शीटभर ३० टक्के राखाडी, फक्त काळ्याची. पट्टे, ढगाळपणा, ड्रमवरचा ओरखडा, सगळं इथे उघडं पडतं. डेमोवाले फोटो दाखवतात त्याचं कारणच हे की फोटोत दोष लपतात.

गडद निळ्या जमिनीवर कोरलेली पांढरी देवनागरी, ५ आणि ६ पॉइंट. रोमन अक्षरांवर समाधान मानून आपण एकदा फसलोय. रेफ, अनुस्वार, रफार-वेलांटी एकत्र आली की टोनर त्या फटीत भरतो आणि 'वर्षं'चं 'वर्ष' होतं. निळी जमीन दोन रंगांची ठेवली आहे, म्हणजे रंगांची जुळवणी अर्ध्या केसाने हलली तरी शिरोरेषा जाड-बारीक दिसेल.

चारी कडांना बारीक चौकट असलेलं कार्ड, दोन्ही बाजूंनी. पुढची-मागची जुळवणी तपासायला.

आणि २४ पानांचा खरा जॉब, पारदर्शक सावल्या, जोडाक्षरं, एका पानावर चार रंगांचा काळा तर दुसऱ्यावर निव्वळ काळा. गेल्या वर्षी याच फाइलवर आमचं रिप अडकलं होतं.

कागदही आपला न्यायचा. पाच प्रकार, रीम बंद. तिथे नेऊन एक दिवस त्या खोलीच्या हवेत ठेवायचा आणि मग फोडायचा.

४ फेब्रुवारी

अ चा डेमो. सुरुवातीलाच त्यांनी त्यांची पोस्टरं काढून दाखवली. सुंदर होती, यात वाद नाही. काळ्या जमिनीला अशी खोली आमच्या मशीनवर कधी आली नाही. भाऊ जागच्या जागी प्रेमात पडला.

मग आमच्या फाइली. देवनागरी ५ पॉइंट स्वच्छ. २४ पानांचा जॉब रिपने न कुरकुरता घेतला. मी म्हटलं, आता हीच राखाडी आणि शेजारी सियानची (छपाईच्या चार रंगांतल्या निळ्याची) घट्ट पट्टी, ५०० शीट सलग. समोरच्या माणसाने घड्याळ पाहिलं. बहुतेक लोक वीस शीट मागत असावेत.

घनतामापी (छापलेला रंग किती गडद आहे ते मोजणारं यंत्र) आम्ही बरोबर नेला होता. दर पन्नासाव्या शीटवर सियान मोजला. पहिल्या शीटवर १.३८, दोनशेपर्यंत १.३५ च्या आसपास, मग उतरत उतरत पाचशेव्याला १.२२. नुसत्या डोळ्याला हे सलग पाहताना कळत नाही. पहिली आणि शेवटची शीट शेजारी ठेवली की कळतं, आणि ग्राहक नेमकं तेच करतो (४ जानेवारी पाहा).

३०० जीएसएम, दोन्ही बाजू, १०० शीट: सुरुवात जोरात, चाळिसाव्या शीटनंतर मशीन थांबून थांबून घ्यायला लागलं. जाड कागद फ्यूजरमधली उष्णता ओढून घेतो, ती भरून यायला वेळ लागतो. एकूण ९ मिनिटं ४० सेकंद. जुळवणीसाठी गठ्ठ्यातून दहा शीट काढून भिंगाखाली पाहिल्या, सर्वांत वाईट ०.९ मिमी. चौकटीच्या कार्डाला हे चालत नाही.

६ फेब्रुवारी

ब चा डेमो. ब्रोशरवर वेग ७५, म्हणजे अ पेक्षा कमी. पहिली शीट पाहून भाऊ माझ्या कानात म्हणाला, "फिकं वाटतंय रे." होतंच थोडं. घट्ट काळा अ इतका खोल नाही.

५०० शीट: सियान १.३३ ते १.३६ च्या मध्येच. प्रत्येक शे-सव्वाशे शीटनंतर मशीन स्वतःच पट्टी छापून मोजतं आणि सावरून घेतं, काही सेकंद जातात. ३०० जीएसएमच्या १०० शीट ८ मिनिटं १० सेकंद. कागदावर हळू असलेलं मशीन जाड कागदावर पुढे. जुळवणी दहांत सर्वांत वाईट ०.५ मिमी.

पुढची-मागची बाजू का हलते, ते तिथल्या इंजिनिअरने छान समजावलं. पहिली बाजू फ्यूजरमधून जाते तेव्हा कागदातला ओलावा उडतो आणि शीट किंचित आकसते. दुसरी बाजू त्या आकसलेल्या शीटवर छापली जाते. म्हणून दोन्ही बाजूंचा आकार वेगवेगळा सुधारता यायला हवा, आणि ती सुधारणा प्रत्येक कागदाच्या नावाने साठवता यायला हवी. ब मध्ये दोन्ही आहे. अ मध्येही आहे, पण ४ तारखेला कोणी दाखवलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. अ च्या ०.९ ला तेवढी सूट द्यायला हवी.

मग काकांनी आपणहून विचारलं, "ड्रम मी बदलू का?" सात मिनिटांत जुना काढून नवा बसवला, एकदा चित्र पाहिलं तेवढंच. फ्यूजरही ट्रॉलीसारखा बाहेर सरकतो. घरी येताना काका गप्प होते. मग म्हणाले, "हे आपण स्वतः उघडू शकतो." ७ जानेवारीच्या १३१ तासांवर मला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर.

७ फेब्रुवारी

क. आमचा कागद लावायला नकार, 'डेमो मशीन आहे, सेटिंग बिघडेल'. परत आलो. यादीतून बाद.

१० फेब्रुवारी

छापलेल्या शीटा टेबलावर आणून त्यांचे हाल केले. टोनर हा प्लास्टिकचा थर असतो, साधारण १६० ते २०० अंशांवर वितळवून कागदावर चिकटवलेला. तो शाईसारखा कागदात मुरत नाही, वर बसतो. त्यामुळे घडी घातली की तडकतो. १७० जीएसएमवर नुसती घडी: दोन्ही मशीनच्या शीटा घडीवर पांढऱ्या पडल्या, ब जरा कमी. क्रीझ (घडीसाठी आधी दाबलेली रेघ) मारून घडी, तीही कागदाच्या तंतूच्या दिशेने: दोन्ही ठीक. तंतूला आडवी घडी असेल तर क्रीझ मारूनही बारीक फट दिसते. म्हणजे लांब तंतूची आणि आखूड तंतूची, दोन्ही शीट घेणारा ट्रे हवा. जुन्या मशीनवर आम्ही ही चूक मशीनच्या माथी मारायचो.

मॅट लॅमिनेशन लगेच छान बसलं. दुसऱ्या दिवशी पाहायचं, टोनरमधलं मेण वर येऊन फिल्म सुटते का ते.

लेटरहेडची चाचणी केली नसती तर पुढे भांडण ठरलेलं होतं. आमच्याकडून लेटरहेड नेणारी माणसं तेच कागद ऑफिसातल्या लेझर प्रिंटरमध्ये घालतात. तिथला फ्यूजर आमचा टोनर पुन्हा वितळवतो. अ च्या शीटा पार झाल्या. ब वर छापलेलं बोधचिन्ह तिसऱ्या कागदापासून पुसट झालं आणि पाचव्या कागदावर त्याचं भूत उमटलं, आमच्याच ऑफिसच्या प्रिंटरच्या रोलरवरून. ब चा टोनर कमी उष्णतेवर वितळतो. विजेच्या बिलाला ते बरं, लेटरहेडला वाईट.

भावाने हा मुद्दा लाल पेनाने लिहून घेतला.

१४ फेब्रुवारी

लॅमिनेशन दोघांचंही टिकलं. रंग मोजले. फोग्रा या जर्मन छपाई-संशोधन संस्थेची ७२ चौकटींची पट्टी दोन्ही मशीनवर छापून घेतली होती, डेमोच्या दिवशी एक आणि मी परत जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन नुकतं सुरू झाल्यावर एक. फोग्रा ३९ (आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईचं प्रमाण) च्या तुलनेत सरासरी डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचं माप) दोघांचाही अडीचच्या आत, त्यात निवडण्यासारखं काही नाही. पण माझ्या कामाचा फरक दुसराच आहे: कालची पट्टी आणि आजची पट्टी यांच्यातला. अ मध्ये तो २.६, ब मध्ये १.१. ग्राहक पुन्हा ५० प्रती मागायला येतो तेव्हा त्याच्या हातात फोग्रा नसतो, आमचीच जुनी प्रत असते.

भगवा दोन्हीकडे मळकट. चार रंगांत तो तसाच येणार. पाचव्या रंगाचं युनिट आत्ता घ्यायचं नाही.

१९ फेब्रुवारी

ब वापरणारे दोन छापखाने आणि अ वापरणारा एक, तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष गेलो. विक्रेत्याने दिलेल्या यादीतली नावं घेतली नाहीत, कागदाच्या व्यापाऱ्याकडून काढली. कोणाकडे कोणतं मशीन आहे आणि कोणाचं मशीन बंद आहे म्हणून कागद उचलला जात नाही, हे त्याला सगळं ठाऊक असतं.

'मशीन कसं आहे' असं विचारलं की सगळे 'चांगलं आहे' म्हणतात. स्वतःच्या खरेदीला कोण नावं ठेवणार? म्हणून विचारलं ते असं: शेवटचा कोणता पार्ट गेला? फोन किती वाजता केला? माणूस कधी आला? त्याच्या बॅगेत पार्ट होता का? मशीन पुन्हा कधी चालू झालं?

ब च्या पहिल्या ठिकाणी: बेल्ट (टोनर कागदापर्यंत नेणारा पट्टा) साफ करणारं ब्लेड गेलं, माणूस त्याच दिवशी, पार्ट बॅगेत, एकूण पाच तास. दुसऱ्या ठिकाणी: फ्यूजर, तो त्यांच्याकडे कपाटातच होता, ऑपरेटरने बदलला. चाळीस मिनिटं. पण तिथे तक्रारही होती: रिपचा कॉम्प्युटर दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा 'तो आमच्याकडे येत नाही' असं ऐकावं लागलं. करारात हे बघायचं.

अ च्या ठिकाणी मशीन छान चालत होतं. शेवटचा बिघाड मात्र सहा दिवसांचा. तिथला मालक म्हणाला, इंजिनिअर हुशार आहे, पण एकटाच आहे. तो रजेवर गेला की आम्हीही रजेवर.

आजच्या दिवसाने दोन आठवड्यांच्या मोजमापाएवढं काम केलं.

२४ फेब्रुवारी

दोन्ही करारांचे मसुदे आले. क्लिकच्या करारात (छापलेल्या दर बाजूमागे ठरलेला दर देण्याच्या देखभाल करारात) टोनर, ड्रम, पार्ट, माणूस सगळं येतं, कागद येत नाही, एवढं माहीत होतं. वाचत गेलो तसं खाली खाली जास्त निघालं.

क्लिक म्हणजे काय? एका मसुद्यात मोठी शीट म्हणजे एक क्लिक, दुसऱ्यात ए-४ पेक्षा मोठं काहीही म्हणजे दोन. वरवर स्वस्त दिसणारा दर इथे दुप्पट होतो. काळ्या अक्षरांच्या पानावर रंगीत बोधचिन्ह असेल तर ते रंगीत मोजणार. लांब बॅनरशीटला तीन. कॅलिब्रेशनच्या पट्ट्या आणि जॅममध्ये अडकलेल्या शीटा मोजायच्या की नाही, याबद्दल एकात मौन. मौन म्हणजे मोजणार.

'चार तासांत प्रतिसाद' दोघांकडेही ठळक अक्षरांत. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं, माणूस दारात येणं की मशीन चालू होणं? ब वाल्यांना सरळ विचारलं. बरीच घासाघीस होऊन लेखी आलं: माणूस त्याच दिवशी, मशीन दोन कामाच्या दिवसांत चालू, नाहीतर त्या महिन्याचे किमान क्लिक माफ. ड्रमचा एक संच, फ्यूजर, पिकअप रोलर आणि टाकाऊ टोनरची डबी आमच्या कपाटात राहणार, मालकी त्यांची. रिपचा कॉम्प्युटर करारात घेतला. मॉडेल बंद झालं तरी कराराच्या मुदतीपर्यंत पार्ट देण्याची हमी.

अ वाल्यांनी दर आणखी खाली आणला. पार्ट आमच्याकडे ठेवायला तयार नाहीत.

२ मार्च

एकाने वापरलेलं, नूतनीकरण केलेलं मशीन सुचवलं. मोठ्या वर्गातलं, मोहात पाडणारं. मीटर पाहिला, वर्ष पाहिलं, फ्यूजर आणि बेल्टचे वेगळे काउंटर मागितले. मुख्य मीटर कमी आणि बेल्टचा काउंटर त्याहून जास्त! बेल्ट दुसऱ्या मशीनचा असेलही. नमस्कार करून बाहेर पडलो.

५ मार्च

ऑफसेट आणि डिजिटल यांची सीमा नव्याने आखली. डिजिटलच्या एका शीटचा खर्च १ धरला, तर आमच्या छोट्या ऑफसेटची तयारी (प्लेटा, जुळवणीत वाया जाणाऱ्या शीटा, धुलाई) पडते ४५०, आणि पुढची प्रत्येक शीट ०.२५. फरक ०.७५, म्हणून ४५० भागिले ०.७५, सहाशे शीट. त्याखालचं डिजिटलवर, वरचं ऑफसेटवर. लेटरहेड सहसा हजारापासून पुढेच असतं, म्हणजे ते तसंही ऑफसेटचं. भावाच्या लाल पेनातला जीव थोडा गेला. पण शंभर-दोनशे लेटरहेड मागणारेही येतात, आणि त्यांचं काय, हा त्याचा प्रश्न बरोबर आहे.

९ मार्च

निर्णय: ब.

भावाचा विरोध नोंदवून ठेवतो, त्यानेच सांगितलंय. अ ची घट्ट जमीन ब ला येत नाही, पोस्टर आणि मेनूकार्डवाले ग्राहक आधी तेच पाहतात, आणि दर अ चा कमी. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या बाजूने मी एकच पान पुढे सरकवलं, ७ जानेवारीचं. काकांचं मत विचारलं तर ते म्हणाले, "मला उघडता येतं ते घ्या."

१८ मार्च

जागेची तयारी. मशीनला स्वतंत्र लाइन, अर्थिंग तपासून घेतलं, रिप आणि कंट्रोलरला यूपीएस. चारी बाजूंनी दारं पूर्ण उघडतील एवढी जागा खडूने आखली. जुनं मशीन भिंतीला टेकून होतं, मागचं दार उघडायला ते ओढावं लागायचं.

आर्द्रतामापी टांगला. छपाईची खोली ४८ टक्के, कागदाची खोली ७१. ही तफावतच जॅमचं मूळ. टोनर कागदावर उतरतो तो विजेच्या भाराने, आणि ओल्या कागदावर तो भार टिकत नाही. फार कोरडा झाला तर शीटा एकमेकींना चिकटतात. दोन्ही खोल्या ४५ ते ५५ च्या मध्ये ठेवायच्या. कागदाच्या खोलीला ओलावा शोषणारं यंत्र लावलं, रिमा जमिनीवरून उचलून फळ्यांवर घेतल्या. उरलेली रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून टेप लावायची, असा कागद काकांनी दारावर डकवला. खाली मोठ्या अक्षरांत: 'मालकांनीसुद्धा'.

३० मार्च

मशीन बसलं. पैसे देण्याआधी स्वीकृती चाचणी: त्याच नऊ फाइली, त्याच ५०० शीटा, आकडे डेमोइतके किंवा बरे. पहिल्या दिवशी जुळवणी ०.८ मिमी आली. सही केली नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने फीडरचे गाइड आणि दोन्ही बाजूंचं माप पुन्हा बसवलं, ०.४. मग सही.

६ मे

एप्रिलचा हिशेब. ४१,२०० इंप्रेशन. मशीन सहा वेळा थांबलं: चार जॅम, एकदा पट्टा, एकदा रिप. एकूण बंद ९ तास, त्यातले ५ रिपचे. पट्टा आला तेव्हा काकांनी कपाटातला ड्रम लावला आणि मग फोन केला.

काळ्या जमिनीची तक्रार एका ग्राहकाकडून आली. निव्वळ काळ्याखाली सियान घालून छापल्यावर त्याचं समाधान झालं, माझं अर्धंच. भावाने काही म्हटलं नाही, अ ची पोस्टरं मात्र त्याने अजून फेकलेली नाहीत.

क्लिकच्या बिलात ३१२ क्लिक जास्त. पाहिलं तर स्वीकृती चाचणीच्या राखाडी शीटा मोजल्या होत्या. पत्र पाठवलं.

छोट्या लेटरहेडचा प्रश्न उभाच आहे. काका म्हणतात शंभर असोत की दोनशे, ऑफसेटवरच काढू, प्लेट जपून ठेवू म्हणजे पुढच्या वेळी तेवढा खर्च वाचेल. जून-जुलैच्या दमट हवेत मशीन कसं वागतं ते अजून पाहायचंय. भिंतीवर नवं कॅलेंडर लावलंय.